टाक्या धुवायचा दिवस

“वरची टाकी?”

“साडेतीन मीटर.”

“दोन नंबर?”

“चार. आणि अजून चढतोय.”

“फिटर?”

“तुडुंब. आता सांडेन.”

“लॅब?”

“मी अर्ध्यावरच. माझी अंडी दोन नंबरनं खाल्ली.”

*

संध्याकाळी सहाला येईल. नाही बाई, पाचला नाही, सहाला. हो, माहिती आहे तुमच्याकडे पाहुणे आहेत. पाण्याला नाही ना माहिती. सहाला.

*

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं एक चित्र. सपाट करडा खडक. खडकावर पाच माणसं, त्यातलं मिशीवालं सगळ्यात मोठं. मागे एक झाड, इतकं तिरकं की आता पडेल. खाली निळ्या खडूनं भरपूर पाणी.

*

पाण्याच्या खात्यात डावं-उजवं ठरवायची एकच रीत आहे. पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं. मग डावा हात तो डावा, उजवा तो उजवा. आपण कुठून कुठे चाललो आहोत याला किंमत नाही.

*

‘कर्मचाऱ्यांमध्ये संघभावना वाढीस लागावी म्हणून यंदा टाक्या धुण्याच्या दिवशी वरच्या तळ्यावर सहल व खेळ आयोजित केले आहेत. फोनला ध्वनिमुद्रित संदेश उत्तर देईल. सर्वांनी सहकुटुंब यावे.’

*

नोटीस वाचून त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. ‘सहकुटुंब’ तिथंच होतं.

त्याला सगळे कंट्रोल म्हणत, कारण तो पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये बसे. या खात्यात माणसाला त्याच्या जागेचंच नाव पडतं. डोंगराच्या पायथ्याची टाकी सांभाळणारा तो वरची टाकी. मधल्या पंपघरातला तो दोन नंबर; ‘आपल्यातला दोन नंबरचा माणूसच सगळ्यात सरळ आहे’ हा विनोद आठवड्यातून एकदा तरी व्हायचाच. फुटलेल्या पाइपांमागे दिवसभर हिंडणारा फिटर. पाण्यातली औषधाची मात्रा तपासणारी लॅबताई. एकोणीस किलोमीटरच्या पाइपलाइनवर ही चार माणसं आपापल्या जागी एकटी असायची. पाचवा दर तासाला त्यांना वायरलेसवरून हाक मारायचा, वरून खाली, ठरलेल्या क्रमानं, आणि पातळी वहीत लिहायचा.

बावीस वर्षांपूर्वी वरची टाकी आणि दोन नंबर यांचं भांडण जुंपलं होतं. एक म्हणायचा, मी पुरेसं सोडतोय. दुसरा म्हणायचा, माझा पंप कोरडा पडतोय. “तुझ्या बापाचं पाणी आहे का रे?” “माझ्या नाही, तुझ्या बापाचं. ये घेऊन जा.” अकरा महिने हे चाललं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. रस्त्यात समोरून आले असते तर वेळ काय झाली म्हणून विचारून पुढे गेले असते.

वर्षातून एक दिवस टाक्या धुतात. शहराचं पाणी बंद असतं, धुवायला बाहेरची माणसं येतात, या चौघांना काम नसतं. कंट्रोल म्हणाला, “एकदा तोंडं तरी बघा एकमेकांची. वर तळ्यावर जा. डबे न्या. भांडायचंच तर समोरासमोर भांडा, माझं डोकं कशाला खाता?”

ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वायरलेसवर वरची टाकी म्हणाला, “दोन नंबर, जरा जास्त सोडू का रे?” आणि दोन नंबर म्हणाला, “सोड की. काल तुझ्या बायकोची भाजी खाल्लीय, नाही कसं म्हणू?”

तेव्हापासून दरवर्षी. जाणारे चार, पाचवा फोनपाशी. कारण पाणी बंद असलं की शहराला पाण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. सकाळी सहापासून फोन वाजायचा आणि तो एकच उत्तर चारशे-पाचशे वेळा द्यायचा.

सहलीला जाताना ते एक वायरलेस बरोबर न्यायचे. दुपारी दोनला, जेवणं झाली की, सवयीनं हाक जायची आणि चौघं आपापल्या पोटाची पातळी सांगायचे. ती तो वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहायचा. मधूनमधून बटण दाबलेलं राहायचं, मग त्याला सगळंच ऐकू यायचं. वारा. डब्यांची झाकणं. फिटरचं बेसूर गाणं. वाटेचं वर्णन वरची टाकी करायचा, सगळ्यांच्या पुढे तोच असे म्हणून: “दगडी पायऱ्या संपल्या... तिरकं झाड आलं... आता डावीकडे वळतोय... खडक दिसला.” बावीस वर्षांत कंट्रोलला ती जागा पाठ झाली. कोणत्या साली गाडी रुतली, कोणत्या साली माकडानं फिटरचा शर्ट पळवला, हे गेलेली माणसं विसरायची आणि त्याला विचारायची.

पहिल्या वर्षी संध्याकाळी घरी गेला तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. “बाबा, आज काय काय झालं?” त्यानं सगळं सांगितलं. पायऱ्या, झाड, खडक, दोन भांडखोर माणसांनी एका डब्यात जेवणं. आपण तिथं नव्हतो, एवढंच सांगायचं राहिलं.

दुसऱ्या वर्षी ते सांगणं अवघड झालं. तिसऱ्या वर्षी तिनं चित्र काढलं.

तो काही रचून सांगत नसे. जे झालं तेच सांगे. फक्त फिटर पाण्यात घसरला त्या वर्षी ‘मग त्याला हात कोणी दिला?’ असं तिनं विचारलं, तेव्हा त्याचा स्वतःचाच हात पुढे आला. आणि एकदा पुढे आलेला हात मागे घेता येत नाही.

लॅबताई एकदा म्हणाली होती, “यंदा मी बसते फोनवर. तुम्ही जा.” त्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या दिवशी डब्यात काय न्यायचं हेही त्यानं मनात ठरवून टाकलं. मग म्हणाला, “नको. तू नसलीस की दोन नंबर मीठ विसरतो, मग वरची टाकी त्याला बोलतो, मग मला पुन्हा अकरा महिने ऐकावं लागेल. पुढच्या वर्षी बघू.” असं करत करत पुढची वर्षं संपली. येत्या महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता.

घरी नोटिशीची गोष्ट त्यानं काढलीच नव्हती. पण नव्या साहेबांनी प्रत्येकाच्या घरी आमंत्रणाचा फोन केला होता. मुलगी नोकरीच्या गावाहून दोन दिवसांची रजा काढून आली.

“बाबा, मला खडक बघायचाय. आणि ते झाड. पडलं तर नाही ना?”

“उभं आहे,” तो म्हणाला. गेल्या वर्षी दुपारी बाराच्या सुमारास वरची टाकीनं तसं सांगितलं होतं.

“आणि तुमची मंडळी एकदाची दिसतील. मला तर दोन नंबरकाका म्हणजे कोण राक्षस असेल असं वाटायचं.”

“आहेच,” तो म्हणाला.

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, “अहो, बूट नवे घ्या. जुने कपाटात आहेत, पण त्यांचे तळवे इतके गुळगुळीत झालेत. चढावर घसराल.” एवढंच म्हणाली. बुटाचे तळवे ऑफिसच्या फरशीवर गुळगुळीत होतात. ती पुन्हा भाजीकडे वळली.

चौघांना आधी सांगून ठेवावं असं त्याच्या मनात आलं. पण सांगायचं कशावरून? एकमेकांशी ते बोलत ते वायरलेसवरच, आणि तिथं एकाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं. आता तर साहेबांच्या टेबलावरही एक संच होता. त्यानं बटण दाबलं. “वरची टाकी?” “बोल.” “...लेव्हल सांग.” “अरे, पाच मिनिटांपूर्वी दिली ना!”

*

गाडीरस्ता जिथं संपतो तिथून पुढे वीस मिनिटं चढ. पायऱ्या दगडीच होत्या, पण त्याला वाटल्या होत्या त्याहून अरुंद. नवे साहेब तिशीतले होते, गळ्यात शिट्टी, हातात खेळांची यादी. फिटरनं दोन्ही खांद्यांवर डबे लटकवले होते. दोन नंबर राक्षस नव्हता. एक घामाघूम, गोल, लाजरा माणूस होता आणि मुलीनं नमस्कार केल्यावर त्यानं चुकून तिलाही वाकून नमस्कार केला.

“बाबा, तुम्ही व्हा पुढे,” मुलगी म्हणाली. “मला तुम्ही सांगायचात तसं बघायचंय.”

तो पुढे झाला. पायऱ्या संपल्या. तिरकं झाड आलं. ते खरोखर इतकं तिरकं होतं की त्यानं खोडाला हात लावून पाहिला. झाडाशी वाट फुटत होती.

“आता डावीकडे,” तो म्हणाला. आवाज ठाम होता. “वळलं की खडक दिसतो.”

तो डावीकडे गेला. मुलगी त्याच्यामागे, तिच्यामागे तिची आई. पंचवीस पावलांवर काटेरी झुडपं लागली. झुडपांपलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे काही नाही, नुसती उतरंड.

तो थांबला. मग त्याला कळलं. वरची टाकी बावीस वर्षं ‘डावीकडे’ म्हणत होता तो खात्याच्या रीतीनं, पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून. आणि पाणी वरून खाली येतं. खालून वर चढणाऱ्या माणसाचा तो उजवा हात. पाइपांच्या बाबतीत ही चूक त्यानं जन्मात केली नसती. पण सहलीकडे त्यानं कधी पाइप म्हणून पाहिलंच नव्हतं. खुर्चीत बसून तो दरवर्षी या वाटेनं चालत आला होता, आणि दरवर्षी डावीकडे वळला होता, आणि दरवर्षी त्याला खडक सापडला होता.

“बाबा?” मुलगी हसत होती, अजून. “बावीस वेळा आलात ना तुम्ही?”

मागे झाडापाशी चौघं उभे होते. दोन नंबरनं तोंड उघडलं. “बावीस? अगं, हा तर आज पहिल्यां—”

लॅबताईनं पिशवीतलं सोललेलं अंडं त्याच्या तोंडात कोंबलं.

कंट्रोलनं वळून पाहिलं. वरची टाकी त्याच्याकडे बघत होता. काटकुळा, पांढऱ्या भुवयांचा, सदा त्रासलेला माणूस. त्यानं कंट्रोलच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि कंबरेवर हात ठेवले.

“नेलंन का पुन्हा कुंपणावर?” तो ओरडला. “अगं पोरी, दरवर्षी हेच! दरवर्षी हा डावीकडे घुसतो. आम्ही आता बोलायचं सोडून दिलंय.”

“त्या वर्षी तर माझी विजार फाडलीत या काट्यांत,” फिटर म्हणाला. “आठवतं का दादा? अजून भरपाई दिली नाहीत.”

“मागच्या वर्षी आम्ही पैज लावली होती,” लॅबताई म्हणाली. “वळणार की नाही. मी हरले.”

दोन नंबरनं अंडं गिळलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळ्यांकडे आळीपाळीनं बघून तो हळूच म्हणाला, “हो. फार... फार वळतो हा.”

मुलगी खदाखदा हसली. “अय्या, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाबा!”

“सगळंच काय सांगायचं,” तो म्हणाला, आणि काट्यात अडकलेली बाही सोडवू लागला. बराच वेळ सोडवत राहिला.

*

खडकावर जेवणं झाली. मग चौघांना जणू ऊत आला. प्रत्येक गोष्टीत ते त्याला घालू लागले. गाडी रुतली तेव्हा ढकलायला तो. माकडाच्या मागे काठी घेऊन तो. “आणि मला बाहेर काढलं ते यांनीच,” फिटर मुलीला सांगत होता. “छातीपर्यंत पाण्यात होतो मी.”

“ते खरंय,” वरची टाकी म्हणाला. “हा नसता तर फिटर गेला असता.” आणि ते खरं होतं. त्या दिवशी दवाखान्याची गाडी कंट्रोलनं पाठवली होती, बारा मिनिटांत, फोनवर कोणाकोणाला शिव्या घालून.

तो ऐकत होता. त्याला लाज वाटत होती, आणि ते थांबू नयेत असंही वाटत होतं. प्रत्येक वेळी तो मनात स्वतःला तिथं उभा करून बघे. हा मी, चाकामागे, गुडघ्यापर्यंत चिखलात. पण ते जमत नव्हतं. चिखल थंड असतो की कोमट, एवढंसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

साहेबांनी शिट्टी वाजवली. खेळ असा: एकाच्या डोळ्यांना पट्टी, बाकीच्यांनी नुसत्या आवाजानं त्याला काठावरच्या झेंड्यापर्यंत न्यायचं. “यातून विश्वास तयार होतो,” साहेब म्हणाले. “काका, तुम्ही या. तुमचा शेवटचा महिना आहे.”

पट्टी बांधली. अंधार झाला.

“वरची टाकी बोलतोय. सरळ ये.”

“दोन नंबर. दगड आहे पुढे. छोटा आहे, पण आहे.”

“फिटर. जरा उजवीकडे. म्हणजे तुमच्या उजवीकडे, दादा.”

“लॅब. तीन पावलं.”

वरून खाली, ठरलेल्या क्रमानं. कोणी ठरवलं नव्हतं. आणि बंद डोळ्यांपुढे त्याला तळं दिसलं. आत्ता पाहिलेलं नव्हे. ते दुसरं, निळ्या खडूचं, जिथं खडक घराएवढा मोठा आणि झाड डावीकडे, जिथं वरची टाकी उंचापुरा आणि दोन नंबर राक्षस, जिथं वारा वायरलेसच्या खरखरीसारखा वाहतो. बावीस वर्षांची ती जागा आज सकाळी झाडापाशी त्याच्या हातून सुटली होती. ती परत आली होती. त्यात तो होता.

त्याचा उजवा हात तोंडाजवळ गेला आणि अंगठ्यानं हवेतलं बटण दाबलं.

“ऐकू येतंय,” तो म्हणाला. “बोलत राहा.”

“काका, चाला ना!” साहेब ओरडले. “वेळ जातोय!”

तो हलला नाही. चौघं बोलत राहिले. शेवटी शिट्टी झाली. शून्य गुण. साहेबांनी यादीवर तसं लिहून घेतलं आणि लॅबताईला हळूच विचारलं, “काकांचा तुम्हा लोकांवर विश्वास नाही का?” लॅबताईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनाही एक अंडं दिलं.

पट्टी मुलीनं सोडली. ती खडकाकडे बघत म्हणाली, “बाबा, खडक लहान आहे, नाही? तुम्ही सांगायचात तो केवढा मोठा होता.”

“तू लहान होतीस,” तो म्हणाला.

*

उतरताना उशीर झाला. रस्त्यावर दोन गाड्या उभ्या होत्या. पुढे खात्याची, मागे साहेबांची. चढानं बायकोचे गुडघे दुखत होते म्हणून मायलेकींना साहेबांनी आपल्या गाडीत बसवलं. कंट्रोल रस्त्याच्या कडेला बुटातला खडा काढत होता.

खात्याच्या गाडीच्या दारात उभं राहून फिटरनं दरवर्षीप्रमाणे माणसं मोजली.

“वरची टाकी, दोन नंबर, लॅबताई, मी. चार. चला, झाले सगळे.”

दार लागलं. गाडी सुरू झाली आणि वळणाकडे निघाली.

तो सरळ उभा राहिला. एक बूट पायात, एक हातात. त्यानं हाक मारली नाही. हात वर केला नाही. खिडकीतून फिटरचं गाणं ऐकू येत होतं, दोन नंबर ताल चुकवत होता, आणि तो मान थोडी तिरकी करून ऐकत होता, पंख्याखालच्या खुर्चीत बसून ऐकावं तसा. गाडी वळणाआड गेली तरी तो ऐकतच होता.

मागच्या गाडीचं दार उघडलं. मुलगी उतरून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं मोजणी ऐकली होती. तिनं रिकाम्या वळणाकडे पाहिलं.

मग तिनं त्याच्या हातातला बूट घेतला, झटकला आणि त्याच्या पायापाशी ठेवला.

“बाबा, तुम्ही सगळे इकडे आलात की तिकडे फोन कोण घ्यायचं?”

“असायचं कोणीतरी.”

“दरवर्षी तेच?”

“हो.”

“त्याला नाही यावंसं वाटलं कधी?”

वळणापलीकडे ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला, मग चार आवाज एकदम, एकमेकांना शिव्या देणारे. गाडी उलटी येऊ लागली. दोन नंबर अर्धा खिडकीबाहेर आला होता आणि दोन्ही हात जोडत होता.

“वाटायचं,” तो म्हणाला, आणि बूट घालायला खाली वाकला.

बावीस वर्षांपूर्वी पहिली सहल निघाली तो सोमवार होता. सोमवारी त्याची साप्ताहिक सुट्टी असायची. तरी तो येऊन फोनपाशी बसला होता.